चित्रात काहीच दिसत नाही, तरी ६७ कोटी? किंमत ठरते तरी कशी?

राजारामपुरी_तिसरी_गल्ली

मंडळी, सप्टेंबर २०२५ मध्ये अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं १९७० सालचं एक चित्र सॅफ्रनआर्टच्या लिलावात ६७.०८ कोटींना गेलं. त्यात माणूस नाही, झाड नाही, घर नाही. इकडे आपल्या कलापुरात, म्हणजे कोल्हापुरात, शाहू स्मारकच्या कलादालनात रंकाळ्याचं, पन्हाळ्याचं जलरंगातलं असं काम लागतं की बघत राहावं, आणि पंधरा हजार म्हटलं की लोक ‘जरा कमी करा की’ म्हणतात.

‘ज्याला कळतं त्याला कळतं’ असलं उत्तर नको, व्यवहार सांगा. हा आकडा ठरवतं कोण? यूट्यूबवर सांगतात तसा हा सगळा काळ्या पैशाचा नि टॅक्स वाचवण्याचा खेळ आहे का? आणि खरा प्रश्न असा: ३० बाय ३६ इंचाचं एक अॅक्रिलिक अमूर्त चित्र ४५ हजारांना मिळतंय, चित्रकार पस्तिशीतला आहे, विकणारा म्हणतो पाच वर्षांत तिप्पट होईल. घ्यावं का, आणि घेताना काय काय तपासावं?

गेरू

आधी एक गैरसमज काढू. चित्र विचित्र दिसतं म्हणून महाग जात नाही. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीज या लिलावगृहात हुसेन यांचं १९५४ चं ‘ग्रामयात्रा’ १.३७५ कोटी डॉलरला, म्हणजे ११८ कोटींच्या आसपास गेलं; आधुनिक भारतीय चित्राचा तो तेव्हाचा विक्रम. त्यात बायका आहेत, बैलगाडी आहे, सगळं ओळखू येतं. २०२३ मध्ये अमृता शेरगिल यांचं ‘द स्टोरी टेलर’ ६१.८ कोटींना गेलं, त्यातही माणसंच आहेत. जगात लिलावात सगळ्यात महाग गेलेलं चित्र (४५ कोटी डॉलर, २०१७) लिओनार्दोच्या नावावरचा येशू आहे. अमूर्त चित्र महाग गेलं की त्याची बातमी होते, व्हॉट्सअॅपवर फिरते, म्हणून तेवढंच लक्षात राहतं.

आता आकडा ठरवतं कोण. बाजार दोन आहेत आणि दोघांचे नियम अगदी वेगळे.

पहिला बाजार म्हणजे चित्रकाराकडून किंवा गॅलरीतून पहिल्यांदा होणारी विक्री. इथे दर बहुतेक वेळा चौरस इंचावर लावतात. समजा दर ४० रुपये, तर २४ बाय ३० चं चित्र ७२० चौरस इंच, किंमत २८,८००. कागदावरचं काम कॅनव्हासच्या निम्म्याच्या आसपास. गॅलरीचा वाटा साधारण एक तृतीयांश ते निम्मा, आणि प्रदर्शनागणिक दर थोडा थोडा वर सरकतो. उतरवत मात्र नाहीत, कारण आधीच्या गिऱ्हाइकांना तोंड दाखवायची पंचाईत होते. यात घेणाऱ्याच्या फायद्याची एक गोष्ट लपलेली आहे: एकाच चित्रकाराच्या एकाच मापाच्या दहा चित्रांची किंमत सारखीच असते, मग त्यातलं एक उत्तम असो नि एक पाट्या टाकलेलं. म्हणजे प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी जाऊन निवड करण्यात खरा नफा आहे.

दुसरा बाजार म्हणजे पुनर्विक्री, लिलाव. इथे चौरस इंच विसरा. चित्र कोणत्या सालचं, कोणाकोणाच्या हातातून आलं, कोणत्या प्रदर्शनात लागलं, कोणत्या पुस्तकात छापलं गेलं, कॅनव्हासची अवस्था कशी, आणि त्या चित्रकाराची एकूण किती चित्रं बाजारात येऊ शकतात, यावर अंदाजित किंमत ठरते. तिच्या आत एक राखीव किंमत असते. ती जाहीर करत नाहीत, आणि शिरस्ता असा की ती खालच्या अंदाजाच्या वर नसावी. बोली तिथवर पोचली नाही तर चित्र परत जातं. असं परत गेलेलं चित्र पुढची काही वर्षं विकायला अवघड होऊन बसतं, कारण कुणालाच नको होतं हे सगळ्या बाजाराला कळलेलं असतं.

वरचा आकडा मात्र फक्त दोन माणसं ठरवतात. तय्यब मेहता यांचा ‘ट्रस्ड बुल’ एप्रिल २०२५ मध्ये आला तेव्हा अंदाज ५ ते ७ कोटी होता. गेला ६१.८ कोटींना. शेवटपर्यंत हात खाली न घेणारे दोघे भिडले की असं होतं. हरणारा जिथे थांबतो त्याच्या एक पायरी वर किंमत लागते. तो दुसरा माणूस त्या दिवशी आलाच नसता तर हेच चित्र याच्या अगदी थोड्या भागात गेलं असतं, आणि चित्रात मात्र काडीचाही फरक पडला नसता.

‘ग्रामयात्रे’चं उदाहरण अजून एका कारणासाठी बघण्यासारखं आहे. ते १९५४ मध्येच नॉर्वेतल्या एका डॉक्टरांनी घेतलं, पुढे ओस्लोच्या रुग्णालयाला दिलं आणि तिथेच ते राहिलं. जवळजवळ सत्तर वर्षं बाजारात फिरलंच नाही. मालकीची साखळी एवढी आखूड नि स्वच्छ असली की खोटेपणाची शंकाच उरत नाही, आणि श्रीमंत गिऱ्हाईक या निर्धास्तपणाचे पैसे मोजतं.

जुना_कॅनव्हास

गेरू यांनी बाजार सांगितला, मी चित्राबद्दल बोलतो. ‘काहीच दिसत नाही’ ही तक्रार मोबाइलवर बघितल्यामुळेही होते. गायतोंडेंचा कॅनव्हास पाच-सहा फुटांचा असतो आणि त्यातलं सगळं पृष्ठभागात असतं. फोटोत नेमकं तेच मरतं.

ते रंग रोलरने आणि पॅलेट नाइफने (रंगाच्या बोथट सुरीने) लावायचे, पातळ थर एकावर एक. काही भाग खरवडून काढायचे. फाटक्या कागदाचे तुकडे वापरून आकार उमटवायचे किंवा ओला रंग उचलून घ्यायचे. परिणाम असा की वरचा थर अर्धपारदर्शक राहतो, उजेड त्यातून आत जातो, खालच्या उजळ थरावर आपटून परत येतो. म्हणून कडेने उभं राहून पाहिलं तर चित्र आतून उजळल्यासारखं वाटतं आणि मधले आकार पुढेमागे तरंगतात.

हे सोपं वाटत असेल तर करून पाहणाऱ्यांचं काय होतं बघा. खालचा थर सुकायच्या आत वरचा दिला की काही महिन्यांत भेगा. खालच्या थरात तेल जास्त नि वरच्यात कमी झालं तरी भेगाच, कारण वरचा आधी कडक होतो आणि खालचा हलत राहतो. रंग पातळ करायला टर्पेंटाइन जास्त घातलं तर बांधणारं तेल पुरत नाही, रंग खडूसारखा होतो आणि बोटाला लागतो. टायटॅनियम व्हाइट जास्त मिसळला तर तो इतका अपारदर्शक असतो की खालचा उजेड बंद, चित्र भिंतीसारखं मठ्ठ. त्याऐवजी झिंक व्हाइट घ्यावा तर तो पारदर्शक आहे पण ठिसूळ. वर्षांनी पापुद्रे सुटतात. आणि वेळ. अंबर (मातकट तपकिरी) दोन-तीन दिवसांत हाताला लागेनासा होतो, टायटॅनियम व्हाइटला आठवडा लागतो, अॅलिझरिनसारख्या (गडद लाल) रंगांना त्याहून जास्त. तेल वाळतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या गार, दमट हवेत ते आणखी रेंगाळतं. असे दहा-बारा थर द्यायचे म्हटले की एका चित्राला किती महिने जातात याचा हिशेब करा.

म्हणूनच ते वर्षाला पाच-सहा चित्रंच करत, असं सांगितलं जातं. १९८४ च्या अपघातानंतर बरीच वर्षं मोठं काम थांबलं. २००१ मध्ये ते गेले. पुरवठा तिथे कायमचा बंद. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं आणि जाडजूड कॅटलॉग निघाला. त्याच्या आगेमागे भावाची चढण बघा: २०१३ मध्ये २३.७ कोटी, २०१५ मध्ये २९.३, २०२१ मध्ये ३९.९८, २०२२ मध्ये ४२, आणि आता ६७. (चित्रं वेगवेगळी आहेत, एकच चित्र फिरलेलं नाही. बातम्यांत हे सांगत नाहीत.)

आता रंकाळ्याच्या जलरंगाकडे. आबालाल रहिमान (१८६०–१९३१) यांच्यापासून आपल्याकडे निसर्गचित्राची जी परंपरा आहे ती हाताच्या तयारीत कुठेही कमी नाही. बाबूराव पेंटरांचं नाव तर सिनेमामुळे सगळ्यांना माहीत आहे. मग भाव का नाही? कारणं चित्राच्या बाहेरची आहेत. बरीचशी कामं घराघरांत विखुरलेली, पुष्कळांवर साल नाही, कोणतं चित्र कधी कोणाकडे होतं याची नोंद नाही, सगळ्या कामांची छापील सूची नाही. लिलाववाल्याला पहिल्या पानावर लिहायला चार ओळी लागतात, त्या इथे मिळत नाहीत. आणि आज काम करणाऱ्यांचं म्हणाल तर तोच घाट, तीच होडी, तेच पावसाळी आभाळ शंभर हातांतून उतरतंय. त्यातलं उत्तम कोणतं हे आपल्याला इथे कळतं. मुंबई-दिल्लीच्या गिऱ्हाइकाला दहातली आठ सारखी दिसतात, आणि त्यात सगळा दोष त्याचाच आहे असं मला वाटत नाही.

हिशेबी

काळ्या पैशाबद्दल. यूट्यूबवरचं जे स्पष्टीकरण फिरतं (‘स्वस्तात घ्या, मूल्यांकन फुगवा, संग्रहालयाला दान करा, टॅक्स वाचवा’) ते अमेरिकेच्या कायद्यावर बेतलेलं आहे. तिकडे चित्र दान केल्यावर अटी पाळून बाजारभावाएवढी वजावट मिळू शकते. आपल्याकडे देणगीवरची आयकर सवलत फक्त पैशाच्या रूपातल्या देणगीला आहे, वस्तूच्या दानाला नाही. म्हणजे तो अख्खा व्हिडिओ भारतात गैरलागू.

रोखीचं म्हणाल तर एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेणंच आयकर कायद्याने बंद आहे, आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड. मोठ्या लिलावात पैसे बँकेतूनच जातात. खाजगी सौद्यांत काही होत नाही असं मी म्हणणार नाही, पण जाहीर लिलावाचे विक्रम त्याने समजत नाहीत.

विकताना: चित्र ‘घरातली वापरायची वस्तू’ म्हणून सुटत नाही, २००७ च्या वित्त कायद्यापासून ती भांडवली मालमत्ता धरतात. २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवून विकलंत तर नफ्यावर १२.५ टक्के कर, इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून धरणं) नाही. चित्रांवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला.

आता खर्चाचा हिशेब, जो कोणी सांगत नाही. बातमीतला आकडा हातोड्याचा (म्हणजे शेवटच्या बोलीचा) नसतो, त्यात लिलावगृह घेणाऱ्याकडून वर घेतं तो प्रीमियम धरलेला असतो. हा प्रीमियम घराघराप्रमाणे बदलतो. समजा हातोडा १ कोटीला पडला आणि प्रीमियम २० टक्के, तर घेणाऱ्याला १ कोटी २० लाख पडले, कर वेगळा. उद्या तेच चित्र विकायला काढलं आणि विक्रेत्याचं कमिशन १० टक्के लागलं, तर टाकलेले १ कोटी २० लाख नुसते परत यायला हातोडा १ कोटी ३३ लाखांवर पडायला हवा. म्हणजे भाव एक तृतीयांश चढेपर्यंत तुम्ही तोट्यात. विमा, वाहतूक, जपणूक धरलेलीच नाही.

तुमचे ४५ हजार घ्या. पाच वर्षांत तिप्पट म्हणजे दरसाल जवळजवळ २५ टक्के, चक्रवाढ. आणि पाच वर्षांनी गॅलरीने विकून देताना ४० टक्के घेतले, तर नुसतं मुद्दल सुटायला चित्र ७५ हजारांना जायला हवं. विकणाऱ्याला एकच विचारा: ‘पाच वर्षांनी ९० हजारांना तुम्ही परत घ्याल का? तसं बिलावर लिहून द्या.’ पुढचं संभाषण फार छोटं होतं.

२००५ ते २००८ च्या तेजीत हेच ‘तिप्पट’ मोठ्या प्रमाणावर विकलं गेलं होतं. २००६ मध्ये निघालेल्या एका आर्ट फंडाने (लोकांचे पैसे चित्रांत गुंतवणाऱ्या) १०० कोटींच्या वर जमा केले, मुदत संपल्यावर पैसे वेळेत देता आले नाहीत, आणि शेवटी सेबीला मध्ये पडावं लागलं. चित्रं खोटी नव्हती. विकायला काढली तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं, एवढंच.

चित्रकारांसाठी जाता जाता: कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३अ प्रमाणे मूळ चित्र १०,००० रुपयांच्या वर पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा वारसांना किमतीतला वाटा मागता येतो, जास्तीत जास्त १० टक्के. कागदावर आहे, वापरतं कोण हा वेगळा विषय.

शाई_दौत

सगळं मान्य, पण तुम्ही लोक बाजाराची फारच तरफदारी करताय. २०१९ मध्ये भिंतीला टेपने चिकटवलेलं केळं आलं, एक लाख वीस हजार डॉलर. २०२४ मध्ये त्याच्याच एका प्रतीचे ६२ लाख डॉलर. घेणाऱ्याने खाऊनही टाकलं. यात कुठला पारदर्शक थर आणि कुठली मालकीची साखळी?

गेरू

@शाई_दौत, साखळी तिथेच तर आहे. विकलं गेलं ते केळं नव्हतं. विकलं गेलं प्रमाणपत्र, आणि केळं कोणत्या उंचीवर कसं लावायचं याच्या सूचना. केळं दर थोड्या दिवसांनी नवंच लावायचं असतं. मला ते आवडत नाही, पण त्यावरून सगळ्या अमूर्त चित्रांना झोडपणं बरोबर नाही. केळ्यात हाताचं काम शून्य आहे, गायतोंडेंत सगळं हाताचंच काम आहे.

कागदावर किती अवलंबून राहायचं याला मर्यादा आहे हे मात्र खरं. न्यूयॉर्कमधली दीडशे वर्षांहून जुनी एक नामवंत गॅलरी २०११ मध्ये बंद पडली. तिने रॉथको, पोलॉक वगैरे अमेरिकन अमूर्त चित्रकारांच्या नावाने विकलेली चित्रं त्याच शहरातल्या क्वीन्स भागातल्या एका चित्रकाराने काढलेली निघाली, कोट्यवधी डॉलरची. एका ‘पोलॉक’वर सहीतच नावाचं एक अक्षर गळालेलं होतं. तरी गेलं! आपल्याकडे २००९ मध्ये दिल्लीत रझांच्या चित्रांच्या प्रदर्शनाला खुद्द रझा गेले, आणि भिंतीवरची बरीचशी चित्रं आपली नव्हेतच असं त्यांनी सांगितलं.

म्हणून कोल्हापुरात कुणी ‘हुसेनचं छोटं स्केच आहे, सर्टिफिकेटसकट, दीड लाखात’ म्हणालं तर विकणाऱ्याने स्वतःच छापलेल्या त्या सर्टिफिकेटला रद्दीची किंमत द्या. मूळ बिल, जुना फोटो, प्रदर्शनाचा कॅटलॉग यातलं काही असेल तर पुढे बोला.

चौकट_काच_माउंट

भावा, ४५ हजाराच्या चित्राचं बोलूया आता. कोटीवाल्यांचं ते बघून घेतील.

आधी चित्र उलटं करायला सांगा. पुढचं सगळेच बघतात, मागनं खरं कळतं. कॅनव्हासच्या मागे रंग पाझरून डाग आलेत? मग प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) नीट बसलेला नाही. चौकटीच्या कोपऱ्यात लाकडी पाचरी आहेत का बघा. त्या असल्या की पावसाळ्यात कॅनव्हास ढिला पडल्यावर हलक्या हाताने ठोकून परत ताणता येतो. कोपरे नुसते खिळ्यांनी पक्के केलेले असतील तर ढिला पडलेला कॅनव्हास काढून पुन्हा ताणावा लागणार. ३ फुटांच्या वर चौकट असेल तर मधे आडवी पट्टी पाहिजेच, नाहीतर दोन पावसाळ्यांत लाकूड पिळवटतं. पट्टीची आतली कड उतरती तासलेली हवी. सपाट असली तर कॅनव्हास तिला टेकतो आणि पुढच्या बाजूला चौकटीची रेघ उमटते. ती रेघ मग जात नाही.

आता पुढनं. खोलीतला दिवा बंद करून मोबाइलची टॉर्च चित्राच्या कडेला, भिंतीला जवळजवळ समांतर धरा. फुगे, भेगा, उचललेले पापुद्रे, मागाहून केलेली डागडुजी सगळं दिसतं. अॅक्रिलिकमध्ये फारच पाणी घातलेलं असेल तर रंगाची साय नीट धरेलच असं नाही. कोपऱ्यात पांढरं ओलसर फडकं हलकं टेकवा, विकणाऱ्याला विचारूनच, रंग लागला तर घेऊ नका. हल्ली ओतीव रंगाची चित्रं लई येतात. दिसायला झकास, पण जिथे रंग जाड साठलाय तिथे सुकताना चिरतो. जाड भाग बघूनच घ्या.

घरी लावताना पश्चिमेची, पावसाच्या माऱ्याची भिंत टाळा. आपल्याकडे जूनपासून ती भिंत ओल धरते आणि कॅनव्हासच्या मागे बुरशीचे राखाडी ठिपके येतात. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना कॉर्कचे अर्धा-पाऊण इंच जाड तुकडे चिकटवा, मागे हवा खेळू द्या. कॅनव्हासवर काच नको. कागदावरचं काम असेल तर काच हवी, पण काच आणि कागद यांत माउंटची (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या किनारीची) फट हवी, आणि माउंट आम्लमुक्त घ्या. साधं हार्डबोर्ड मागे लावलं तर काही वर्षांत कागदावर तपकिरी डाग चढतात, ते निघत नाहीत. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झटकायची. कुणी बटाटा नाहीतर ब्रेड फिरवायला सांगितलं तर ऐकू नका, पिठूळ कण रंगाच्या खाचांत बसतात आणि त्याच्यावर बुरशी धरते.

राजारामपुरी_तिसरी_गल्ली

धन्यवाद सगळ्यांना. हिशेबींचा प्रश्न विकणाऱ्याला विचारला, लिहून द्यायला तयार नाही. पण चित्र आवडलंय, रोज बघायला मिळालं तर हवंय. ४५ हजार हा दर तरी बरोबर आहे का? आणि बिलावर काय काय लिहून घेऊ?

गेरू

३० गुणिले ३६ म्हणजे १०८० चौरस इंच, दर ४१-४२ रुपये पडतो. हा आकडा एकटा काही सांगत नाही. त्याच चित्रकाराची अजून तीन-चार कॅनव्हासं मापासकट विचारा, दर काढा. छोट्या मापाला दर जरा जास्त असतो, ते चालतं. पण तुमच्याच चित्राला ४२ आणि बाकीच्यांना ३० पडत असेल तर फरक विकणाऱ्याच्या खिशात चाललाय. गेल्या दोन प्रदर्शनांची दरपत्रकंही मागा. मधे फारशी वर्षं गेलेली नसताना दर एकदम दुप्पट झालेला दिसला तर थांबा.

त्याच मापाची दुसरी चित्रं असतील तर सगळी एका रांगेत लावून बघायला मागा. किंमत एकच आहे, मग उत्तम ते घ्या.

बिलावर: चित्रकाराचं नाव, चित्राचं नाव किंवा ‘अनामिक’, साल, माध्यम (‘कॅनव्हासवर अॅक्रिलिक’ असं पूर्ण, नुसतं ‘मिक्स मीडिया’ लिहून देत असतील तर त्यात काय काय आहे ते लिहून घ्या), माप इंचात आधी उंची मग रुंदी, किंमत, कर वेगळा. कॅनव्हासच्या मागे चित्रकाराच्या हातची सही, साल आणि माप हवं. चित्रकार इथलाच असेल तर त्याच्यासमोर पुढून-मागून फोटो काढा आणि ते बिलासोबत ठेवा. पैसे बँकेतून द्या.

चौकट_काच_माउंट

आणि पावसाळा संपेपर्यंत नवीन तैलचित्राला व्हार्निश मारू देऊ नका कुणाला. तैलरंगाला सहा महिने ते वर्ष थांबायचं. तुमचं अॅक्रिलिक आहे, त्याला काही दिवस पुरतात, पण कोरड्या हवेत. दिवाळीनंतर आणा.